मागची रुंद चाकं

गाडी घेतली तेव्हा लोणी देवकरच्या एमआयडीसीत मला सुपरवायझर होऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी नऊ वर्षं त्याच कंपनीत मशीनवर होतो. शेळगावहून रोज मोटरसायकलनं जायचो. थंडीत बोटं आकडायची, आणि साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागनं धूळ खात जावं लागायचं. त्यामुळं गाडी ही चैन नाही, गरज आहे, हे मी घरात सगळ्यांना पटवलं होतं, आणि ते खरंही होतं. बारामतीच्या एका माणसाकडनं पांढरी, डिकीवाली, सेकंडहँड गाडी घेतली. इंजिन चांगलं होतं, एसी चालत होता. हे आधी सांगून ठेवतो, कारण तीन महिन्यांनी मी जे केलं त्याला असलं कुठलंच कारण देता येत नाही.

बारामतीला एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या बाहेर माझ्यासारखीच गाडी लागली होती. तीच कंपनी, तोच रंग. फरक एवढाच, की तिची मागची दोन चाकं रुंद होती, मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेली. आत काळी मॅगव्हील. गाडी जागेवर उभी होती, पण पळत असल्यासारखी वाटत होती. मी तिच्या मागं उकिडवा बसून किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. बायको बोलवायला आली. म्हणाली, "अक्षता पडल्या. पंगत बसली. तुमी हितं काय शोधताय?"

पुढच्या रविवारी मी भिगवण रोडला टायरच्या दुकानात होतो. दुकानदार पन्नाशीचा, अंगानं सडपातळ. अलाइनमेंटचं काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "चारी बदलायची?"

"न्हाय. मागची दोनच. रुंद पाहिजेत."

"गाडी पुढच्या चाकांवर चालतीया, ठाऊक हाय न्हवं?"

"हाय."

"पुढचे टायर झिजून गोटा व्हायला आलेत. खरं काम त्यांचं हाय."

"ते बघू नंतर."

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. मग म्हणाला, "बसवतो. गिऱ्हाइकाला न्हाय म्हणायचं नसतं. पण इचारायचं असतं."

मी दिवसभर हातात मायक्रोमीटर घेऊन वावरणारा माणूस. केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी जॉब बाजूला काढायला लावतो. कुठल्या चाकाला इंजिनाची ताकद जाते हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, फक्त त्या दिवशी ते कळणं मी दुकानाच्या बाहेर ठेवलं होतं. दोन तासांत काम झालं. पुढं जुनेच टायर, मागं रुंद नवे, आणि चाक बाहेर यावं म्हणून आत एकेक स्पेसर. परतीच्या वाटेवर मी तीनदा थांबून खाली उतरलो आणि मागं जाऊन बघून आलो.

घरी आलो तर आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टरला ग्रीस देत होते. तीस वर्षं ते ट्रॅक्टर चालवतायत. आपलं शेत करून लोकांचंही करतात. हात पुसत ते आले आणि गाडीमागं उभे राहिले.

"मागची मोठी केलीस व्हय?"

"व्हय."

"वढतंय कुठलं चाक?"

"पुढचं."

आबांनी मागं वळून ट्रॅक्टरकडं बघितलं, मग परत गाडीकडं. "ट्रॅक्टरला मागची मोठी असत्यात, कारण मागची वढत्यात. हिला पुढची वढत्यात तर मागची कशाला मोठी केलीस?"

"चांगली दिसत्यात, आबा."

"मग ठीक हाय," असं म्हणून ते परत ग्रीसच्या डब्याकडं गेले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना प्रश्न पडला होता, उत्तर मिळालं, विषय संपला.

आईला मात्र गाडी आवडली. म्हणाली, मागनं खोंडाच्या भरल्या पुठ्ठ्यावानी दिसतीय. बायकोनं पुढनं, मागनं, बाजूनं बघितलं आणि म्हणाली, "चांगली दिसतीया. पण आपुन आत बसल्यावर आपल्याला कुठं दिसणार?" कंपनीत मी गाडीचं नाक भिंतीकडं करून लावायला लागलो, म्हणजे गेटमधनं येणाऱ्याला मागची बाजू दिसावी. पोरांनी फोटो काढले. दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरनं विचारलं, आता ग्रिप वाढली असेल ना. मी म्हणालो, "फरक पडतो." कसला फरक ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

फरक पडला होता तो ॲव्हरेजमध्ये. पहिल्यापेक्षा लवकर टाकी रिकामी व्हायची. आणि मागं माणसं बसली की गाडी खाली दबायची. दोघंजण असले तर काही नाही, तिघं झाले की खड्ड्यात घर्र असा आवाज यायचा. टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासायचा.

हे नीट समजलं ते नरसिंहपूरला जाताना. आई, मावशी आणि मावशीचे यजमान मागं, आबा पुढं. मावशीचा नवस होता. गाव सोडून पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा मागनं एवढा आवाज झाला की मावशीनं पाय वर घेतले. दुसऱ्याला मी गाडी थांबवली आणि मागच्यांना म्हणालो, जरा उतरता का, एवढं ओलांडू द्या. ते उतरले, गाडी पलीकडं गेली, ते चालत आले, बसले. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला मी काही बोलायच्या आधीच आईनं दार उघडलं. उतरता उतरता मावशीला म्हणाली, "आपल्या लहानपणी चढ आला की बैलं दमू नयेत म्हणून उतरत हुतो. तसंच हाय हे." मावशीचे यजमान गुडघ्याला हात लावत उतरले, पण शब्दानं बोलले नाहीत. जावयाला बोलतील, मेव्हणीच्या मुलाला काय बोलणार. नरसिंहपूरच्या संगमावर पोचायला आम्हाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. दर्शन झाल्यावर मावशीच्या यजमानांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "जाताना एसटी हाय का बघू काय?"

दुसरी गोष्ट टायर बदलण्याची. पूर्वीच्या मालकानं सांगितलं होतं, पुढचे झिजले की मागं टाकायचे, मागचे पुढं आणायचे, म्हणजे चारी सारखे चालतात. आता पुढच्या नि मागच्या चाकांचं माप वेगळं. अदलाबदल बंद झाली. पुढचे टायर पुढंच झिजत राहिले. मला दिसत होतं. पुढच्या महिन्यात बदलू, असं दर महिन्याला ठरायचं. खरं सांगायचं तर पुढच्या टायरकडं माझं लक्षच जात नव्हतं. गाडी धुताना मी मागच्या चाकांच्या प्रत्येक दांड्यामधनं फडकं फिरवायचो, आणि पुढच्यांवर नळीनं पाणी मारायचो.

माघातली एक दुपार. ड्रिपचं सामान आणायला मी आणि आबा इंदापूरला गेलो होतो. परत येताना आबा पुढं माझ्याशेजारी. निघताना त्यांनी पट्टा लावला होता, पण गाव जवळ आलं की ते तो काढून टाकायचे. त्या दिवशीही काढला. पुढं डावीकडं वळण आहे. तिथं कुणीतरी शेताला पाणी सोडलं होतं आणि बांध फुटून ते रस्त्यावर आलं होतं. त्यावरनं दिवसभर उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या. चिखल, त्यात उसाचं पाचट आणि वाढ्यांचा, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याचा, लगदा. मला ते लांबनं दिसलं होतं. ॲक्सिलरेटरवरनं जरा पाय काढला, पण पुरेसा नाही. पन्नासाच्या आसपास असेन.

स्टीअरिंग डावीकडं फिरवलं आणि ते हातात एकदम हलकं झालं. चाकं वळली, गाडी वळली नाही. सरळ जात राहिली. मी आणखी वळवलं, ब्रेक दाबला, तरी सरळच. हे सगळं इतकं सावकाश वाटत होतं की समोरच्या घासाच्या शेतात एक बाई खुरपं तसंच धरून उभी राहिलेली मला दिसली. मग गाडी रस्त्याची कड ओलांडून चरात उतरली आणि बांधाला नाक लावून थांबली. फार जोरात नाही. काच फुटली नाही. बंपरचा आवाज आला आणि बाटलीतलं पाणी सांडलं.

"आबा, लागलं काय?"

"न्हाय. तू बघ गाडीचं."

मी गाडी मागं घ्यायला लागलो. पुढची चाकं चरातल्या चिखलात होती. ती जागेवर फिरायला लागली आणि चिखल काचेवर उडाला. खाली उतरून बघितलं. मागची दोन्ही चाकं चराच्या बाहेर, कोरड्या मुरमावर टेकलेली होती. रुंद, काळी, जवळजवळ नवी. गाडी बाहेर काढण्यासाठी जी जागा लागते ती त्यांच्याखाली होती आणि जी ताकद लागते ती पुढच्यांकडं. मी परत आत बसलो आणि परत चिखल उडवला. चाकं आणखी रुतली.

कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरनं ट्रॉली सोडली, साखळी लावली आणि एका दमात गाडी ओढून वर काढली. साखळी काढताना त्याची नजर मागच्या चाकांवर गेली. "मागनं लई भारी दिसती गाडी," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी त्याचे आभार मानले.

मग आबांकडं बघितलं. ते बांधावर बसले होते आणि उजवा हात टॉवेलमध्ये धरला होता. मनगट सुजून दुप्पट झालं होतं. गाडी थांबताना त्यांनी हात डॅशबोर्डवर टेकवला होता, सगळा भार त्यावर आला.

"आधी का न्हाय सांगितलं?"

"म्हणलं, गाडी निघू दे आधी."

त्याच गाडीनं आम्ही परत इंदापूरला गेलो. एक्स-रेमध्ये मनगटाजवळ दोन्ही हाडं मोडलेली दिसली. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं. डॉक्टरांनी विचारलं काय करता, तर आबा म्हणाले, ट्रॅक्टर चालवतो. डॉक्टर म्हणाले, आता काही दिवस न्हाय चालवायचा. आबांनी मान हलवली, जणू डॉक्टरांनी पाऊसपाण्याचं काहीतरी सांगितलं.

आमच्या उसाला त्याच आठवड्यात तोड आली होती. तोड झाल्यावर पाचट कुट्टी करायची, राहिलेल्या खोडव्याच्या बगला, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा, फोडायच्या, खत द्यायचं. शिवाय तिघा-चौघांच्या रानात आबांनी कामं घेतली होती. ट्रॅक्टर मी चालवायचं ठरलं. सकाळी उजाडल्यावर दोन तास रानात, मग आंघोळ करून कंपनीत. सहा-सात वर्षांत मी ट्रॅक्टरला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी बगला इतक्या वाकड्या फोडल्या की लांबनं बघणाऱ्यालाही कळावं. आबा बांधावर उभे, उजवा हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हातानं खुणा करायचे, थांब, उचल, दाब, ये. ओरडले एकदाही नाहीत. रांग संपली की मी त्यांच्याजवळ येऊन थांबायचो आणि ते एवढंच सांगायचे, "ह्यापेक्षा पुढची चांगली हुईल."

मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होतो. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. एका सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. आबा माझ्याआधी येऊन तिथं बाकड्यावर बसले होते. मी मागनं येतोय हे कुणाला दिसलं नाही. एकजण म्हणाला, "आबा, पोरानं गाडीला रुंद टायर टाकल्यालं म्हणं. त्यानंच घसरली असं बोलत्यात."

आबा म्हणाले, "रस्त्यावर चिखल हुता. कुणाचीबी घसरली असती."

मी कॅन तिथंच ठेवली आणि जरा वेळानं आत गेलो. त्यांचा राग ऐकायची तयारी होती, हे ऐकायची नव्हती.

बंपरचं काम झाल्यावर गाडी अलाइनमेंटला त्याच दुकानात नेली. दुकानदारानं गाडी वर घेतली, पुढच्या टायरवरनं हात फिरवला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यानं पुढचं चाक हातानं फिरवून बघितलं. मग म्हणाला, "तुमची गाडी पुढच्या चाकांवर वढती, पुढच्याच चाकांवर वळती, ब्रेकचा जोरबी जास्ती पुढंच येतो. मागची चाकं नुसती मागं मागं येत्यात. जी सगळं काम करत्यात ती गोटा, आणि जी काम करत न्हाईत ती रुंद नि नवीन. मग वळणावर पुढची आधी सुटणार."

"म्हणजे रुंद टायरमुळंच झालं."

"तसं बी न्हाय म्हणता येत. मागची सुटली असती तर गाडी गरकन फिरली असती, ते जास्त वाईट. मागं पकड हुती म्हणून सरळ गेली. पण पकड चारीकडं सारखी पाहिजे." त्यानं हात पुसले. "चूक धरायची तर धरा. रुंद टाकले ही एक तुमची. पुढं गोटा ठेवले ती त्याहून मोठी, तीबी तुमचीच. चिखल दिसल्यावर पाय पुरता काढला न्हाय ती तिसरी. आणि बसवून दिले ती माझी."

मी म्हणालो, "तुमी इचारलं हुतं."

"व्हय. पण बसवलं बी मीच."

चारी चाकांना एकाच मापाचे नवे टायर घातले. मूळ पोलादी चाकं घरी पडली होती, तीच मागं बसवली. स्पेसर काढले. गाडी खाली आली तेव्हा मागनं बघवेना. जन्मभर मिशी ठेवलेल्या माणसानं ती काढून यावं तशी दिसत होती. मी दुकानदाराला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "आठ दिवसांनी काय वाटत न्हाय." आठ दिवसांपेक्षा जास्त लागले.

रुंद चाकं काही दिवस गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. मग बारामतीचा एक जण ती बघायला आला. वय माझ्याएवढंच, गाडी माझ्यासारखीच, पुढच्या चाकांवर चालणारी. मी त्याला सगळं सांगितलं. चर, चिखल, आबांचा हात, मावशीचे यजमान, सगळं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता टायरच्या कडेवरनं तळहात फिरवत होता. मी त्या लग्नात असाच बसलो असेन.

"मला समजतंय तुमी काय म्हणताय," तो म्हणाला. "पण दिसतं की नाही?"

"दिसतं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं.

"मग झालं."

"पुढं नवे टायर घाला तेवढे. आणि मागं दोघांपेक्षा जास्त बसवू नका."

घालतो म्हणाला. घातले का, माहीत नाही. चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर टाकून तो गेला. अजून कधी बारामतीत गेलो आणि तशी गाडी पुढं चालली असली, तर मी वेग कमी करून थोडा वेळ तिच्या मागं राहतो. ते सुटलेलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आबांचं मनगट बारीक झालं होतं आणि पूर्ण फिरत नव्हतं. व्यायाम सांगितला होता, रबरी चेंडू दाबायचा. ते चेंडू खिशात घेऊन फिरायचे आणि कुणी बघत नसलं की दाबायचे. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं स्टीअरिंग जड आहे. दोन-तीनदा बसून बघितलं, पण अर्ध्या तासात हात दुखायला लागायचा. एक दिवस मी गाडी धूत होतो, तर ते बाजूला येऊन उभे राहिले.

"हिचं स्टीअरिंग हलकं असतं न्हवं?"

"असतं."

"मग मला शिकव ही."

आबा त्रेसष्ट वर्षांचे. आजवर त्यांनी गाडी चालवायचा विषय काढला नव्हता. मी रविवारी त्यांना बाजारतळावर घेऊन गेलो. त्या दिवशी बाजार नसतो, मैदान मोकळं असतं. क्लच, गिअर त्यांना शिकवायची गरज नव्हती, पण पाय ट्रॅक्टरच्या सवयीनं पडायचा आणि गाडी उडी मारून बंद व्हायची. आणि एक सवय अशी, की दर थोड्या वेळानं त्यांची मान मागं वळायची. ट्रॅक्टरवाल्याला मागच्या अवजाराकडं बघावंच लागतं.

"आबा, मागं काय न्हाय. पुढं बघा."

"सवय हाय रं."

"आरशात बघा फार तर."

चार रविवार गेले. बारामतीला आरटीओत त्यांच्या लायसनचं काम करून घेतलं. तिथल्या रांगेत ते सगळ्यात वयस्कर होते. आता हात बराच सुधारलाय. ट्रॅक्टर पुन्हा त्यांच्याकडं आहे, मी फक्त सुट्टीच्या दिवशी चालवतो, आणि माझ्या बगला आता सरळ येतात.

गेल्या महिन्यात, नवा सीझन सुरू झाल्यावर, ते आईला घेऊन बारामतीला आत्याकडं गेले, पहिल्यांदाच माझ्याशिवाय. मी कंपनीत होतो आणि दिवसभर फोनकडं बघत होतो. संध्याकाळी घरी आलो तर गाडी अंगणात नीट लावलेली होती. आईला विचारलं, कसे गेले. आई म्हणाली, "गेले चांगले. जाताना नि येताना एक शब्द बोलले न्हाईत. मी भजी घ्या म्हणलं तर तीबी घेतली न्हाईत. थांबलेच न्हाईत कुठं." आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी जवळ गेलो. ते म्हणाले, "त्या रस्त्याला ट्रॉल्या लई झाल्यात. पुढनं नजर काढता येत न्हाय," आणि दुसरी पेंढी उचलली.